भाग ४१ : जखमी माणसाकडे आधी कुठे बघायचं?

ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. माझे 'अं... म्हणजे' तेवढे काढलेत.

सुरुवात घरातूनच करतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाचा मोटरसायकलवर अपघात झाला. तालुक्याचं गाव, रात्रीची वेळ, छोटा दवाखाना आणि ड्युटीवर एकटे तरुण डॉक्टर. पायाचं हाड मोडून बाहेर आलेलं, त्यामुळे आम्ही सगळे पायाकडेच बघत होतो. डॉक्टरही. त्यांनी रक्त थांबवलं, पट्टी केली, स्प्लिंट बांधलं. सगळं नीट केलं. पुढे न्यायला १०८ आली, त्यातल्या डॉक्टरांनी पायाला हातच लावला नाही. आधी शर्ट कापून छाती बघितली. बरगड्या मोडून फुफ्फुसाभोवती हवा साठत होती. त्यांनी पुढच्या हॉस्पिटलला फोन केला, तिथे छातीत नळी घालायची तयारी ठेवलेली होती. भाऊ वाचला.

पहिल्या डॉक्टरांवर मी कित्येक वर्षं चिडून होतो. हा भाग करायला घेतला तो खरं तर त्या चिडण्यामुळे.

आता चला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. तारीख १७ फेब्रुवारी १९७६. लिंकन शहरातले हाडांचे सर्जन जेम्स स्टायनर बायको आणि चार मुलांना घेऊन स्वतःचं छोटं विमान चालवत कॅलिफोर्नियाहून परत येत होते. संध्याकाळी विमान शेतात कोसळलं. पत्नी शार्लीन जागीच गेल्या. तीन मुलं गंभीर जखमी, चौथ्याचा हात मोडलेला, आणि स्टायनरांच्या स्वतःच्या बरगड्या मोडलेल्या. थंडीत, अंधारात त्यांनी मुलांना जमेल तसं सांभाळलं. मदत काही येईना, तेव्हा रस्त्यापर्यंत चालत जाऊन एक गाडी थांबवली आणि हेब्रन गावातलं हॉस्पिटल गाठलं. दार बंद होतं. डॉक्टरांना घरून बोलवावं लागलं.

डॉक्टर आले, पण काय आधी करायचं याचा क्रम त्यांच्याकडे नव्हता. एका मुलाला मानेला आधार न देता उचलून एक्स-रेला नेलं. कवटी फुटलेली नाही म्हटल्यावर जखम शिवायला घेतली. मानेचं काय, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. स्टायनरांनी लिंकनमधल्या सहकाऱ्यांना फोन केला आणि मुलांना तिकडे हलवलं. चारही मुलं वाचली.

नंतर स्टायनरांनी जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा : शेतात, हातात काही नसताना मी मुलांची जी काळजी घेतली ती हॉस्पिटलपेक्षा बरी होती, म्हणजे व्यवस्थाच चुकतेय, ती बदलायला हवी. लक्षात घ्या, 'तो डॉक्टर' नाही, 'व्यवस्था'. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की जो अहवाल लिहितात त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. त्याचा पहिला नियम, माणसाचं नाव घेऊन बोट दाखवायचं नाही. बायको गमावलेल्या माणसाने हा नियम पाळला, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

मग कामाला लागले. सोबत सर्जन पॉल कॉलिकॉट, काही नर्स आणि लिंकन मेडिकल एज्युकेशन फाउंडेशनची माणसं. त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. हृदय थांबलेल्या रुग्णासाठीचा एसीएलएस हा अभ्यासक्रम लिंकनमध्ये आधीच चालवलेला होता. तोच साचा घेतला, आत अपघाताचा मजकूर भरला. १९७८ साली पहिला प्रयोग झाला तो ऑबर्न या छोट्या गावात. ज्या डॉक्टरांना रात्री एकट्याने उभं राहावं लागतं, त्यांच्या दारात कोर्स गेला. १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. नाव, एटीएलएस.

आता असा कोर्स भरवायचा म्हणजे काय काय लागतं बघा. भाषणं कमी, हात चालवणं जास्त. प्रत्यक्ष कौशल्याच्या टेबलावर दर चार डॉक्टरांमागे एक शिक्षक. शिक्षकांनाही 'शिकवायचं कसं' याचा वेगळा कोर्स. सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रियेचे सराव भूल दिलेल्या प्राण्यांवर होत, पुढे पुतळे आले. आणि शेवटच्या परीक्षेला खोटं रक्त लावून जखमी असल्याचं सोंग करणारा जिवंत माणूस! तो कण्हतो, घाबरतो, डॉक्टरला गोंधळवतो. त्या गोंधळात क्रम टिकतो का, हे बघायचं असतं.

मूळ क्रम साधा होता. ए म्हणजे श्वासाचा मार्ग, आणि त्यासोबत मानेला आधार. बी म्हणजे श्वास. सी रक्ताभिसरण, डी मेंदूची अवस्था, ई म्हणजे कपडे काढून पूर्ण तपासणी, पण रुग्ण गार पडू न देता. जे आधी मारतं ते आधी बघायचं. पूर्ण निदान झालेलं नसलं तरी चालेल. मोडलेला पाय भयंकर दिसतो, पण बंद पडत चाललेला श्वास बहुतेक वेळा दिसतच नाही.

कोर्स जादू नाही, हेही सांगतो. त्रिनिदादमध्ये तो सुरू झाल्यावर अपघाती मृत्यू घटल्याचा अभ्यास १९९३ साली आला, पण सगळीकडे इतका स्पष्ट फरक दाखवता आलेला नाही. डॉक्टर शिकला तरी पुढे रक्त, नळी, गाडी लागतेच. तरीही आज ८०हून जास्त देशांत दहा लाखांहून जास्त डॉक्टर हा कोर्स करून गेलेत. भारतात तो २००९ साली दिल्लीतल्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरमधून सुरू झाला. आणि महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो.

मामेभावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पण त्या पहिल्या डॉक्टरांनी पाय वाचवला ना माझा." हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना क्रम कुणी, कधी, कुठे शिकवला होता, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

ऐकणाऱ्यांत कुणी तालुक्याच्या गावात रात्रपाळी करणारे डॉक्टर किंवा सिस्टर असतील तर जरूर लिहा. तुम्हाला असं प्रशिक्षण मिळालं का? कुणी भरवलं, सुट्टी कुणी दिली, फी कुणी भरली? पुढचा भाग त्यावरच करू. तोवर, हेल्मेट घाला.