रविवार, शुक्रवार आणि खाडा

माझ्या टीममध्ये वसईचा एक कॅथलिक मुलगा आहे. वीकएंड रिलीजचं प्लॅनिंग सुरू झालं की त्याचं म्हणणं ठरलेलं: रात्रभर बसवा, पण रविवारी सकाळी मिस्साला जाता आलं पाहिजे. अगदीच नाही जमलं तर शनिवारी संध्याकाळी जाऊन येतो. ही पळवाट नाही बरं का, चर्चच्या १९८३ च्या कायद्यातच आदल्या संध्याकाळची सोय आहे. एकदा चहाच्या टपरीवर त्याने पूर्ण नियम सांगितला आणि मग माझा अख्खा वीकएंड वाचण्यात गेला. त्याचीच ही पोस्ट.

नियमाचे भाग दोन. एक, मिस्साला जायचं. दुसरा, उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि शरीर-मनाच्या विश्रांतीच्या आड येणारी कामं टाळायची. बहुतेकांना पहिला भाग माहीत असतो. मला दुसरा जास्त आवडला, कारण १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात त्याला अजून एक जोड आहे: ज्याने दुसऱ्याचा रविवार बुडेल अशी विनाकारण मागणी करू नका. हॉटेल, खेळ, सार्वजनिक सेवा यांत काहींना काम करावंच लागतं हेही तिथे मान्य केलंय. पण मी लोळत बिर्याणी मागवतो तेव्हा ती आणणाऱ्या पोराच्या रविवारचं काय, हा प्रश्न थेट धर्माच्या नियमात बसतो. आम्ही प्रॉडक्शन सपोर्टवाले तर हे लगेच समजू शकतो!

आता गंमत म्हणजे पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हतीच. रोमन साम्राज्यात तो कामाचा दिवस. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी सम्राटाला कळवतो की ही मंडळी एका ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात. उजाडायच्या आत का? माझा अंदाज, नंतर कामावर जायचं असणार. पुढे ३०४ साली, आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावचे ४९ जण रविवारी एकत्र जमले म्हणून पकडले गेले. सुट्टी सोडा, जीव गेला. मग ३२१ मध्ये कॉन्स्टंटाईनने फर्मान काढलं: शहरातले न्यायाधीश, रहिवासी, कारागीर यांनी रविवारी काम बंद ठेवावं. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक, कारण पेरणीची वेळ हुकली तर पीक जातं. पुढे ५३८ साली फ्रान्समधल्या ऑर्लेआंच्या धर्मसभेने शेतीची कामंही टाळायला सांगितली. म्हणजे शेतात राबणाऱ्याचा रविवार कागदावर यायलाच आणखी दोनशे वर्षं गेली.

हे वाचताना मला आमचं बीड आठवत होतं. आजोबांच्या लहानपणी शाळेला सुट्टी शुक्रवारी असायची. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि तिथे सरकारी सुट्टी शुक्रवारची. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि मग आमच्याकडे रविवार आला. म्हणजे त्याआधी इथल्या कचेरीत एखादा ख्रिस्ती कारकून असता तर त्याचा रविवार प्लिनीच्या काळातल्यासारखाच: पहाटे प्रार्थना, मग फायली.

मुंबईत तोपर्यंत रविवार येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तोही इंग्रज साहेबाच्या धर्मामुळे फुकट आला नव्हता. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त मुलांना. मोठ्यांना काही नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना गोळा करून मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडल्याचं सांगतात. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजारांची सभा झाली आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पोप तेरावे लिओ यांचं कामगारांवरचं प्रसिद्ध परिपत्रक, ज्यात रविवारच्या विश्रांतीचा हक्क येतो, ते मे १८९१ चं. एक सत्यशोधक त्यांच्या वर्षभर आधीच काम करून मोकळा झाला होता!

असो. आज बीड जिल्हा कॅथलिकांच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ चा, मराठवाड्यातले बाकी जिल्हेही त्यातच. एवढ्या पसाऱ्यात दर रविवारी प्रत्येक गावात फादर पोचणं कठीण. त्याचीही तरतूद कायद्यात आहे: धर्मगुरू नसेल तर घरच्यांनी किंवा चार घरांनी मिळून प्रार्थनेला योग्य वेळ द्यावा. म्हणजे पहिला भाग कुठेही पाळता येतो. अडतं ते दुसऱ्या भागाशी.

कारण आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला जातात. हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, कोयत्याला जात-धर्म नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, आणि रात्री दोनला गाडी आली तरी ऊस भरायला उठायचं. हंगामात कारखाना थांबत नाही, तोडलेला ऊस ठेवला तर वजन आणि साखर घटते. कॉन्स्टंटाईनने दिलेलं कारण यापेक्षा फार वेगळं नव्हतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्याच्या गेटच्या आतल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली. गेटच्या बाहेर, फडात, सुट्टी या शब्दाच्या जागी दुसराच शब्द आहे: खाडा. एक दिवस काम चुकलं की पैसे कापले. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हा एका खाड्याचे पाचशे रुपये असं छापून आलं होतं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण म्हणून बायकाच सांगत होत्या.

वसईकराला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांचा रविवार कधी?"

मी म्हटलं, पट्टा पडल्यावर. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, कारखाना बंद झाला की.