चंद्रशिलेवरचा उरलेला बर्फ जास्त फसवा का असतो?

उत्तराखंडमधलं चंद्रशिला हे साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीचं शिखर. चोपत्याहून तुंगनाथ मंदिरापर्यंत साधारण साडेतीन किलोमीटरची दगडी वाट आहे. तिथून शिखर दीड किलोमीटरवर. हिमालयाच्या मानाने हे शिखर लहान, त्यामुळे महाराष्ट्रातले नवखे ट्रेकर्सही इथे जातात. मात्र एप्रिलमध्ये खालची कुरणं मोकळी झाली तरी वर बर्फ असू शकतो.

बर्फ कुठे टिकतो?
उत्तरेकडच्या उतारांवर ऊन कमी पडतं. घळींमध्ये वाऱ्याने आणलेला बर्फ साचतो. तिथे तो उशिरा वितळतो.

धोका कशात आहे?
दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो आणि पहाटे काचेसारखा कडक होतो. बरेच जण सूर्योदय पाहायला नेमके तेव्हाच चढतात. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होऊन पाय रुततो. खडक उन्हाने तापत असल्याने त्यांच्या कडेचा बर्फ आतून पोकळ होतो. म्हणजे आधारासाठी खडकाकडे जावं, तर तिथेच पाय आत जाण्याची शक्यता जास्त.

मग चढायचं कसं?
कडक बर्फावर बुटांना मायक्रोस्पाइक्स लावा. मऊ बर्फात बुटाचं टोक मारून पायरी करा; उतरताना टाच आधी रोवा. बसून घसरगुंडी करू नका, वेग आवरत नाही.

बर्फाचा पट्टा ओलांडण्याआधी खाली पाहा. घसरलात तर कुठे थांबाल? उत्तर खडक किंवा दरी असेल, तर तुंगनाथहूनच परत फिरलेलं बरं.