ओटीपीचे प्रकार : कोणत्या खात्यासाठी कोणता योग्य?

नवी दिल्ली : बँक, ई-मेल किंवा शासकीय सेवेच्या खात्यात प्रवेश करताना पासवर्डनंतर मागितला जाणारा आकडा म्हणजे एकवेळ वापराचा पासवर्ड, अर्थात ओटीपी. हे आकडे दिसायला सारखे असले, तरी ते कोठे तयार होतात आणि वापरकर्त्यापर्यंत कसे पोहोचतात यावरून त्यांचे निरनिराळे प्रकार पडतात. प्रत्येक प्रकारात चोराला शिरकाव करण्याची वाट वेगळी असते. म्हणूनच जेथे निवडीची मुभा आहे, तेथे ती विचारपूर्वक करणे हिताचे ठरते.

एसएमएसद्वारे येणारा ओटीपी

हा आकडा सेवा देणाऱ्या संस्थेच्या संगणकावर तयार होतो आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर पाठवला जातो. त्यासाठी स्मार्टफोन किंवा इंटरनेट लागत नाही. साधा फोनही पुरेसा होतो. बँक व्यवहाराच्या संदेशात बहुधा रक्कम व पैसे घेणाऱ्याचे नावही असते. आकडा भरण्यापूर्वी हा मजकूर वाचणे, ही ग्राहकाच्या हाती असलेली मोठी खबरदारी आहे.

मात्र हा ओटीपी व्यक्तीला नव्हे, तर मोबाइल क्रमांकाला मिळतो. बनावट कागदपत्रांच्या आधारे त्याच क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळवले, तर सर्व संदेश चोराकडे जातात. हे टाळण्यासाठी भारतात सिमकार्ड बदलल्यानंतर २४ तास एसएमएस सेवा बंद ठेवण्याची तरतूद आहे. फोनमधील घातक ॲपही संदेश वाचू शकते. जर्मनीत २०१७ मध्ये दूरसंचार जाळ्यातील एसएस७ या प्रणालीच्या त्रुटींचा लाभ घेऊन ग्राहकांचे संदेश परस्पर वळवण्यात आले आणि बँक खात्यांतून पैसे काढण्यात आले होते.

वेळेवर आधारित ओटीपी

या प्रकाराला टीओटीपी म्हणतात. त्याचे तांत्रिक मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभी क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त कळ फोनमधील ऑथेंटिकेटर ॲपमध्ये साठवली जाते. ही कळ आणि त्या क्षणाची वेळ यांच्या गणितातून बहुधा सहा अंकी आकडा तयार होतो आणि सर्वसाधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. आधारच्या एमआधार ॲपमध्ये असा आठ अंकी ओटीपी उपलब्ध आहे.

हा आकडा फोनमध्येच तयार होत असल्याने मोबाइल नेटवर्क नसले तरी तो मिळतो. परदेशात किंवा दुर्गम भागात असलेल्यांना ही मोठी सोय ठरते. सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती गेले, तरी चोराला गुप्त कळ मिळत नाही. मात्र फोनचे घड्याळ चुकले तर आकडा स्वीकारला जात नाही आणि फोन हरवला तर खात्याचे दार स्वतःलाच बंद होऊ शकते. त्यामुळे नोंदणीच्या वेळी मिळणारे पर्यायी कोड कागदावर उतरवून सुरक्षित ठेवावेत. क्यूआर कोडचे छायाचित्र कोणालाही पाठवू नये.

मोजणीवर आधारित ओटीपी

एचओटीपी या प्रकाराचे मानक २००५ चे आहे. यात वेळेऐवजी मोजणीचा आधार असतो. खिशात मावणाऱ्या टोकन यंत्राचे बटण दाबले की पुढचा आकडा मिळतो. घड्याळाची गरज नसते. परंतु न वापरलेला आकडा ३० सेकंदांत बाद होत नाही. शिवाय बटण विनाकारण अनेकदा दाबले गेल्यास यंत्र व सर्व्हर यांची मोजणी जुळत नाही.

निवड कशी करावी?

ई-मेल खात्याला प्राधान्य द्यावे. इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात. तेथे आणि समाजमाध्यमांवर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप निवडणे अधिक सुरक्षित आहे. स्मार्टफोन नसलेल्यांनी एसएमएस ओटीपी अवश्य सुरू ठेवावा. केवळ पासवर्डवर विसंबण्यापेक्षा तो निश्चितच बरा.

बँक व्यवहारांत निवड बहुधा बँकेच्या हाती असते. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे निर्देश डिजिटल व्यवहारांसाठी किमान दोन घटकांची पडताळणी बंधनकारक करतात. त्यांत एसएमएस ओटीपीवर बंदी नाही. मात्र अन्य पद्धतींनाही वाव आहे.

एक उणीव या तिन्ही प्रकारांत समान आहे. बनावट संकेतस्थळावर भरलेला किंवा फोनवरून सांगितलेला आकडा चोर तत्काळ वापरू शकतो. खऱ्या संकेतस्थळाशीच जोडलेल्या पासकी या पद्धतीत सांगण्याजोगा आकडाच नसतो. त्यामुळे तो पर्याय उपलब्ध असल्यास स्वीकारावा.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती उघड केली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून फसवणूक लक्षात येताच बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.