परसातला आंबा : पाडायचा की राखायचा?

आजची नोंद बागेतली नाही, घरामागच्या परसातली आहे. जरा लांब झालीय, पण पाऊस तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितोय.

आमच्या मागच्या पडवीपासून पंधरा-सोळा पावलांवर एक रायवळ आंबा आहे. पणजोबांनी कोय टाकली होती असं आजी सांगायची. म्हणजे शंभरी गाठली असणार. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा परसातली तीन मोठी झाडं गेली. हापूसची दोन कलमं मुळासकट आडवी झाली, फणस बुडात चिरला. रायवळ उभा राहिला, पण त्याची एक फांदी मोडून पडवीवर आली. वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. फोन लागायला चार-पाच दिवस गेले. लागला तसा मुंबईहून धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तो आंबा आता पाडून टाक. पुढच्या वेळेला घरावर येईल." त्याचं चुकीचं नव्हतं. आई त्याच बाजूच्या खोलीत झोपते.

पाडायचा की राखायचा, ह्या विचारात मी जुनं काय-काय वाचलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिली गोष्ट आज्ञापत्राची. आंबा-फणस तोडू नये असा मजकूर शिवाजी महाराजांचा म्हणून आपल्या व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतो. तो मजकूर आज्ञापत्रातला आहे आणि आज्ञापत्र लिहिलं रामचंद्रपंत अमात्यांनी, १७१५-१६ च्या सुमारास. महाराजांच्या हाताखाली काम केलेला माणूस, त्यामुळे धोरण तिथलंच म्हणायला हरकत नाही. आरमाराला लाकूड लागायचं. पंत सांगतात की आंबा-फणसाला हात लावू नका, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. पण फिरणाऱ्या मजकुरात पुढचा भाग बऱ्याचदा गळालेला असतो. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं, जबरदस्ती करू नये, असंही तिथं आहे. म्हणजे झाड कधीच तोडू नका असं ते म्हणत नाहीत. आधी झाड बघा, मग मालकाला विचारा, असं म्हणतात.

दुसरी गोष्ट कलमांची. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं. पुढे त्यांच्या पाद्र्यांनी आंब्याची कलमं बांधून चांगल्या जाती टिकवल्या. हापूस हे नाव आफोंसो द आल्बुकेर्क ह्याच्यावरून पडलं असं मानतात. कलमांनी कोकणाला पैसा दिला, त्याबद्दल वाद नाही. पण जागेवर रुजलेली कोय आणि कुंडीतून आणलेलं जुनं भेट कलम, ह्यांच्या मुळांत फरक पडतो. कोयीचं सोटमूळ जांभ्याच्या भेगेत सरळ खाली उतरतं. कुंडीत बरेच दिवस राहिलेल्या रोपाचं मूळ तळाला वळतं. आमची दोन कलमं उलथली तेव्हा मुळं भाकरीच्या तव्यासारखी चपटी दिसली. त्यात एकाची पश्चिमेची मुळं आम्हीच कंपाउंडच्या भिंतीचा पाया खणताना तोडलेली. वारा आला समुद्राकडून, आणि त्या बाजूला धरायला काही नव्हतं.

तिसरी गोष्ट घरातलीच आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पूर्वी परसातल्या झाडाची निगा म्हणून वेगळं काम नव्हतं. चुलीला लाकूड लागायचं, म्हणून पावसाआधी गडी चढून सुकी फांदी उतरवायचा. रायवळाचे आंबे साठं घालायला, रसाला लागायचे, म्हणून झेला घेऊन कोणीतरी वर जायचंच. तो उतरला की सांगायचा, अमुक फांदी आतून वाजतेय, तिकडं बांडगूळ आलंय. आजोबा खालून बघायचे. दरवर्षी माणूस झाडावर जायचा, आणि त्या जाण्यातच छाटणी आणि तपासणी दोन्ही व्हायची.

मग गॅस आला. रायवळाला बाजारात भाव राहिला नाही. चढणारे गडी म्हातारे झाले, त्यांची मुलं मुंबईला गेली. आमच्या आंब्यावर निसर्गच्या आधी दहा-बारा वर्षं कोणीच चढलं नव्हतं. मोडलेली फांदी मी नंतर बघितली. आतून भिरुडाने पोखरलेली, भुसा भरलेला. वादळाने फक्त पाडली, मेली होती ती आधीच.

ह्यात माझीही चूक आहे, ती लपवत नाही. थोरल्याच्या लग्नात मांडव घालायचा म्हणून मी परसात सिमेंटचा कोबा केला, अगदी बुंध्याला टेकवून. चिखल नको, बायकांना बरं पडेल. पण जांभ्यावर माती थोडी, खाऊ मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यानंतर शेंड्याची पानं बारीक व्हायला लागली, ती मी उन्हाळ्याच्या नावावर खपवली.

आता कायद्याचं. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा १९६४ चा. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं त्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या परसात असलं तरी परवानगी लागते. झाड मेलं असेल, रोगट असेल, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तर ती मिळते. आज्ञापत्रानंतर अडीचशे वर्षांनी आलेला कायदाही तेच सांगतो : आधी झाड बघा.

म्हणून आम्ही बघितलं. फणस अर्धा उभा होता, पण बुडात हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी आणि वर कुजक्या लाकडावर येणारी अळंबी. रीतसर अर्ज केला आणि काढला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, मग करवत लावली. आंब्याचा बुंधा मात्र ठणठणीत. तो राखायचा ठरवला.

कोबा बुंध्यापासून आठ-नऊ फूट चारी बाजूंनी फोडला. हाताने, ब्रेकर न लावता, मुळं दुखावू नयेत म्हणून. खाली कुजलेलं शेण पातळ पसरलं, वर पातेरा. माती बुंध्यावर चढवली नाही, बुंध्याचा पाया उघडाच पाहिजे. घराकडची मोठी फांदी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात उतरवली. आधी खालून काप, मग थोडं पुढे वरून, शेवटी उरलेला खुंट. म्हणजे साल सोलत खाली येत नाही.

काप कुठे घ्यायचा, ह्यालाही इतिहास आहे. पूर्वी फांदी बुंध्याला अगदी घासून कापायचे, आणि ढोलीत सिमेंट भरायचे. आपल्याकडे डांबरही फासायचे. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो ह्या शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून बघितली आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेर नवीन लाकूड चढवतं. ही ताकद फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो तिथं असते. तो फुगवटा कापायचा नाही, आणि पुढे खुंटही ठेवायचा नाही. कापावर मी बोर्डो पेस्ट लावली : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. पेस्टने जखम भरत नाही. आपल्या दमट हवेत बुरशी लगेच धरू नये, एवढाच तिचा उपयोग.

मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याने गेलं. ती रात्र आईला पुढच्या खोलीत झोपवलं, मी जागाच होतो. सकाळी परसात पानांचा खच आणि कैऱ्या, फांदी एकही नाही. म्हणून झाड कधीच पडणार नाही असं मी म्हणत नाही. ते म्हातारं आहे. भावाला सांगितलंय, दरवर्षी माणूस चढवायचा, अर्धी मजुरी तुझी. तो देतो, आणि फोनवर आधी आंब्याचं विचारतो.

मंडळी, पावसाला अजून थोडे दिवस आहेत. घराजवळच्या जुन्या झाडाखाली एकदा उभे राहा. वर सुकी फांदी दिसते का, बुडाला भुसा किंवा अळंबी आहे का, एका बाजूची जमीन उचललीय का, बघा. वर चढायचं काम जाणत्या माणसालाच द्या, आणि विजेची तार जवळ असेल तर लाईन बंद करून घेतल्याशिवाय नको.

तुमच्या परसातलं सगळ्यात जुनं झाड कोणतं, कोणी लावलेलं, आणि त्यावर शेवटचं कोण चढलं होतं, ते खाली लिहा.