एकट्याच्या होडीचं कूळ

ऑलिंपिकमध्ये एकट्याने चालवायची शिडाची होडी म्हणजे आज आयएलसीए. पन्नासेक वर्षं जगाने तिला लेझर या नावाने ओळखलं. लांबी सव्वाचार मीटरच्या आत, नुसत्या सांगाड्याचं वजन साठ किलोच्या आसपास. डोलकाठी दोन तुकड्यांची. शिडाला शिवलेल्या बाहीत ती सरकवायची आणि होडीतल्या भोकात उभी करायची. तिला ताणून धरणारा एकही दोर नाही. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर, पावलं पट्ट्याखाली अडकवलेली आणि उरलेलं सगळं शरीर वाऱ्याच्या बाजूला, पाण्यावर झोकून दिलेलं. वाऱ्याचा जोर वाढला की होडी कलते. ती सपाट ठेवण्यासाठी वापरायला एकच वजन असतं, ते स्वतःचं.

या होडीचं कूळ १९२४ पर्यंत मागे जातं. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी सीन नदीवर, म्यूलां इथे एकट्याने चालवायच्या होड्यांची शर्यत झाली. होड्या संयोजकांनीच दिल्या होत्या, सगळ्या एका घडणीच्या. श्रीमंत देशाने चांगली होडी आणून बाजी मारायची, ही वाट तिथेच बंद झाली. पुढची काही ऑलिंपिकं यजमान बदलला की होडी बदलत गेली, पण हे तत्त्व टिकलं.

१९४८ मध्ये इंग्लंडच्या टॉर्की बंदरात ‘फायरफ्लाय’ होडीवर डेन्मार्कचा वीस वर्षांचा पॉल एल्व्हस्ट्रम उतरला. पहिली शर्यत त्याने अर्धवट सोडली आणि शेवटी सुवर्णपदक जिंकलं. ते त्याच्या चार सलग सुवर्णपदकांतलं पहिलं. होडीबाहेर झुकून राहायला मांड्या आणि पोट किती कणखर लागतं, हे त्याने ओळखलं होतं. घरी बाक मांडून, त्यावर पाय अडकवून तो तासन्‌तास तोल धरण्याचा सराव करी. या खेळाला शारीरिक कष्टाची शिस्त लागली त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

त्याची पुढची तिन्ही सुवर्णपदकं ‘फिन’ या होडीवरची. उप्साला शहरातल्या रिकार्ड सार्बी या स्वीडिश माणसाने १९४९ मध्ये ती आखली आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली. सार्बी स्वतः तिथे उतरला आणि त्याने कांस्यपदक मिळवलं. फिन देखणी आणि वेगवान, पण जड. तिला धिप्पाड माणूस लागे. पुढच्या काळात खेळाडू स्वतःची फिन आणू लागले, तेव्हा आपल्या अंगकाठीला जुळणारी डोलकाठी आणि शीड शोधण्यात पैसा आणि वेळ जाऊ लागला.

लेझर जन्मली ती फिन चालवणाऱ्यांच्याच हातून. कॅनडाचा ब्रूस कर्बी १९५६ आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये फिन चालवून आला होता, त्याचा मित्र इयान ब्रूस १९६० मध्ये. १९६९ मध्ये इयानने कर्बीला फोन केला. एका विक्रेत्याला सहलीच्या सामानाबरोबर विकायला, मोटारीच्या टपावर नेता येईल अशी छोटी होडी हवी होती. फोनवर बोलता बोलताच कर्बीने कागदावर तिची रेखाकृती काढली. विक्रेत्याने पुढे तो बेत सोडला, पण कर्बीने आराखडा जपून ठेवला.

१९७० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हजार डॉलरच्या आतल्या होड्यांची स्पर्धा भरली आणि कर्बीचा आराखडा पाण्यात उतरला. शीड हान्स फोगने शिवलं आणि होडीही त्यानेच चालवली. फोग मूळचा डेन्मार्कचा, १९६० च्या ऑलिंपिकमधला रौप्यपदक विजेता. शिडांचं काम तो एल्व्हस्ट्रमकडे शिकला होता. शीड मनासारखं बसलं नव्हतं, म्हणून त्याने ते तिथेच पुन्हा कापून बेतलं, आणि होडी आपल्या गटात पहिली आली. त्यानंतर तिला लेझर हे नाव मिळालं. १९७१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि तिथेच तिची मागणी शंभरावर गेली. १९७४ मध्ये बर्म्युडाला पहिली जागतिक स्पर्धा झाली.

फिनवर घाम गाळलेल्या या माणसांनी एक निर्णय पक्का केला होता: होडीत बदल करायचा नाही. सांगाडा, काठी, शीड सगळं ठरल्या मापाचं, परवाना असलेल्या कारखान्यातलंच. १९९६ मध्ये ती ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटने सुवर्ण आणि ब्रिटनच्या बेन एन्सलीने रौप्य मिळवलं. चार वर्षांनी सिडनीत शेवटच्या शर्यतीत एन्सलीला पहिलं येण्याची गरज नव्हती. शाइट मागे राहिला की पुरे. तो शाइटच्या वाऱ्याच्या बाजूला ठाण मांडून बसला, त्याच्या शिडाचा वारा तोडत राहिला आणि सुवर्ण घेऊन गेला. होड्या सारख्या असल्या की सामना असा डोक्यात आणि नजरेत खेळला जातो.

सारखेपणाचा दुसरा लाभ स्त्रियांना आणि कमी वजनाच्या खेळाडूंना झाला. सांगाडा तोच ठेवून काठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं की ती होडी त्यांच्या ताकदीची होते. सात चौरस मीटरच्या शिडाऐवजी पावणेसहा चौरस मीटरचं शीड लावलेली होडी २००८ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी आहे. बांधणीच्या हक्कांवरून वाद झाला आणि २०१९ मध्ये लेझर हे नाव गेलं, पण होडी तशीच राहिली. टोकियोनंतर फिन ऑलिंपिकमधून बाहेर पडली. तिच्या तालमीत तयार झालेल्यांनी घडवलेली होडी मात्र टिकून आहे.

भारताने याच होडीवरून मोठी झेप घेतली. नेत्रा कुमनन टोकियोत उतरली आणि ऑलिंपिकमध्ये शिडाची होडी चालवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेल्या विष्णू सरवणनने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रात दोघंही होते. मुंबईच्या खाडीत शिकणाऱ्या मुलाला जी होडी मिळते, ती मापाने ऑलिंपिक विजेत्याच्या होडीसारखीच असते. तिथून पुढचं अंतर सरावाचं आणि वारा ओळखण्याचं. स्वस्त होडीची गरज भागवायला निघालेल्या त्या रेखाकृतीने केलेली सगळ्यांत मोठी कामगिरी हीच आहे, आणि मापं बदलण्याचा मोह आवरला जाईल तोवर ती शाबूत राहील.