खारपाणपट्ट्यातील कापूस आणि पाण्याचा हिशेब : दर्यापूर परिसराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एखादे पीक वा वस्तू तयार होताना एकूण किती पाणी खर्ची पडते, याचा हिशेब म्हणजे जलपदचिन्ह होय. डच अभ्यासक आर्येन हुकस्ट्रा यांनी 2002 मध्ये ही संकल्पना मांडली. पुढे त्यात तीन भाग मानले गेले : जमिनीतील ओलाव्याचे ‘हिरवे’ पाणी, नदी, धरण वा विहिरीचे ‘निळे’ पाणी आणि प्रदूषण सौम्य करण्यास लागणारे ‘करडे’ पाणी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दर्यापूर तालुका पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. येथील भूजल खारे असल्याने विहिरीच्या पाण्यावर ओलीत करणे कठीण असते. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-65) वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडमधील गिरण्यांची मागणी वाढली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-अचलपूर हा अरुंद रुळांचा लोहमार्ग दर्यापूरहून गेला. कापसाच्या गाठींबरोबर येथील पावसाचे पाणीही अप्रत्यक्षपणे बाहेर गेले. परंतु त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

धोरणातील उणीव

महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल 1999 मध्ये सादर झाला, तर 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. मात्र नियमनाचा भर निळ्या पाण्यावर राहिला. त्याची मर्यादा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. हेक्टरी 600 मि.मी. पाणी कपाशीने वापरले, म्हणजे 6,000 घनमीटर झाले. उत्पादन 1,500 किलो आल्यास किलोमागे 4,000 लिटर पडतात. पावसाच्या खंडाने उत्पादन निम्म्यावर आले आणि पाण्याचा वापर फारसा घटला नाही, तर हाच आकडा जवळपास दुप्पट होतो. धरणातून थेंबही न घेता पदचिन्ह वाढते, आणि तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडतो.

निष्कर्ष

म्हणून केवळ मोठा आकडा पाहून कपाशीला दोषी ठरविणे योग्य नाही. पाणी कोणत्या रंगाचे, हे आधी पाहिले पाहिजे. 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील 932 गावांचा समावेश झाला आणि गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदावर भर देण्यात आला. या ताळेबंदात खाऱ्या भूजलाची नोंद गोड्या पाण्यापासून वेगळी ठेवणे आणि शेततळ्यातील एका संरक्षित ओलिताने किती उत्पादन वाचते हे मोजणे आवश्यक ठरते. पाण्याचा हिशेब शेताच्या बांधापासून सुरू झाला, तरच तो दर्यापूरच्या उपयोगी पडेल.