खाडीवरचे पाच रुपये

वाचकहो, पनवेलहून शीवच्या रस्त्याने मुंबईस निघालात, की वाशीजवळ खाडी आडवी येते. तिच्यावर पहिला पूल 1973 साली झाला, दुसरा 1997 मध्ये. 2002 पासून मुंबईच्या पाच वेशींवर टोल बसला, त्यांत वाशीचा नाका होता. हेतू हा, की शहरातल्या उड्डाणपुलांचा खर्च भरून निघावा. दर तीन वर्षांनी तो वाढायचा, हेही आधीच ठरलेले. 2020 साली मोटारीचे 35 चे 40 झाले, 1 ऑक्टोबर 2023 रोजी 45.

पाचच रुपये ना, असं कुणी म्हणेल. पण महिन्याच्या पंचवीस खेपा धरा, सव्वाशे झाले!

पूर्वी तरीवर नावाडी पैसा घ्यायचा, तेव्हा होडी डोळ्यांसमोर असायची. इथे पैसे खाडीवर द्यायचे आणि पूल शहरात शोधायचे. अखेर 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मोटारींना माफी मिळाली. जड मालट्रकांना मात्र त्या निर्णयात ती नव्हती. आणि ट्रकचा टोल भाड्यात चढतो, भाड्यातून भाजीत. तेव्हा नाका सुटला म्हणून निर्धास्त होऊ नका. पिशवीतला हिशेब पाहा.